पडद्याच्या तळाची निळी पट्टी

सुदाम,

परवा तुझी शोकसभा झाली, आपल्या कॉलेजच्या जुन्या हॉलमध्ये. खुर्च्या नव्या आल्यात, पंखे मात्र तेच, कुरकुरणारे. तुझे फोटो पडद्यावर एकामागून एक येत होते आणि प्रत्येक फोटोच्या तळाशी ती बारीक निळी पट्टी होती, दर फोटोला डावीकडून उजवीकडे थोडी वाढणारी. तू असतास तर आधी पट्टी नीट वाढतेय का हे बघितलं असतंस आणि मग स्वतःचा चेहरा.

पट्टी निम्म्यावर आली तेव्हा तुझा विद्यार्थी प्रशांत बोलायला उभा राहिला. आता तोही प्राध्यापक आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. तो म्हणाला, "नामांतराच्या त्या धगीत, निळा रुमाल खिशात ठेवायलाही लोक बिचकायचे तेव्हा, वाघमारे सरांनी भर परिषदेत, याच हॉलमध्ये, स्वतःच्या हातानं रंगवलेली निळी पट्टी दाखवली." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या.

"स्वतःच्या हातानं" हे ऐकलं आणि माझा उजवा हात आपोआप खिशात गेला. शेजारच्याला वाटलं असेल, म्हातारा रुमाल शोधतोय.

त्या पट्ट्या मी रंगवल्या होत्या, सुदाम. तुला ते माहीत होतं आणि मला. तू गेलास, म्हणजे आता एकट्या मलाच माहीत आहे, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

हे सगळं मी कशासाठी लिहितोय, याचाही मला भरवसा वाटत नाही. कबुली द्यायला, की त्या टाळ्यांतला वाटा मागायला? इतकी वर्षं मी तुझ्याकडे संशयानं बघत आलो. आता तू समोर नाहीस, तर ती सवय माझ्याच अंगावर उलटली आहे.

आपला वाद अजून मिटलेला नाही, तिथूनच सुरू करतो.

त्या काळी परिषदेत पेपर वाचणं म्हणजे काय असायचं, हे आजच्या पोरांना सांगून पटणार नाही. खिडक्यांना काळे पडदे, आत उकाडा, स्लाइड प्रोजेक्टरची घरघर, आणि बोलणारा दर थोड्या वेळानं म्हणायचा, "आता शेवटची स्लाइड." ती कधीच शेवटची नसायची. आपल्या भूगोल विभागाचे प्रमुख, ज्यांना आपण मोठे सर म्हणायचो, ते तर या बाबतीत नावाजलेले. त्यांच्या 'शेवटच्या' स्लाइडनंतर एकदा चहा येऊन, निवून, परत गेला होता. तेव्हा तू मागच्या रांगेत माझ्या कानाशी लागलास.

"पाटील, ह्यांच्या डब्यात अजून किती स्लाइडी हायेत, ते त्यांना सवताला तरी ठावं हाय का?"

तू मला कधी केशव म्हटलं नाहीस. बोरीच्या पाटलांच्या घरातला म्हणून हॉस्टेलच्या पहिल्या दिवसापासून 'पाटील'. त्यात माया किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तू गंगाखेडकडच्या, गोदेकाठच्या खेड्यातला, बौद्धवाड्यातला. एका खोलीत राहून आपण शिकलो आणि एकाच कॉलेजात शिकवायला लागलो. मी कायम होतो, तू हंगामी. हा फरक कशामुळे होता, यावर आपण कधी बोललो नाही.

त्या दिवशी सायकलीवरून परतताना तू तुझी कल्पना सांगितलीस. प्रत्येक स्लाइडच्या खाली एक पट्टी काढायची. जेवढं बोलून झालं तेवढी भरलेली, उरलेली रिकामी. ऐकणाऱ्याला दिसलं पाहिजे, कुठवर आलो.

मी म्हणालो, "शेवट किती लांब आहे ते कळलं की लोक शेवटाचीच वाट बघत बसतात. ऐकत नाहीत."

"आन न्हाई कळलं तर बोलनाऱ्यावर संशय घेत बसतात. मग ऐकतात कवा?"

"विषय चांगला असला की ऐकतात."

तू सायकल थांबवलीस. "तुला न्हाई कळायचं, पाटील. तुमाला थांबा म्हनतात तवा खुर्ची देतात. आमाला नुसतंच थांबा म्हनतात. किती वेळ, ते कोनी सांगत न्हाई. किती ऱ्हायलंय ते कळलं ना, तर मानूस लय वेळ उभा ऱ्हातो."

हे माझ्यावर होतं की जगावर? मी ते माझ्यावर घेतलं आणि सायकल पुढे काढली.

तुझा अभ्यास काळ्या रानातल्या ओलीवरचा होता. पाऊस उघडल्यावर रब्बीची ज्वारी किती खोलवरची ओल पिते, आणि भेगा वेळेत बुजवल्या तर किती ओल वाचते. त्या पेपरवर तुझी कायम नेमणूक ठरणार होती. मोठ्या सरांनी तसं तोंडी कबूल केलं होतं. तू तक्ते लिहिलेस. विभागाचा कॅमेरा माझ्या ताब्यात, म्हणून फोटो मी काढले. पट्टी मात्र फिल्मवर हातानंच भरायची होती आणि तुझा हात कापायचा. माझ्याकडे काळेपांढरे फोटो रंगवायचे जुने रंग होते. लाल वाळून खडा झाला होता. पिवळा पडद्यावर दिसेना. हिरवा उजेडात राखेसारखा पडला. निळा तेवढा स्वच्छ उमटला.

एवढंच कारण होतं. भिंग डोळ्याला लावून, बारीक ब्रशनं मी एकेक पट्टी भरली. माझी बोटं निळी झाली होती, म्हणून तू शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतास आणि दाणे माझ्या तोंडात टाकत होतास. "पाटलाला घास भरवायलोय," म्हणून हसत होतास. "बोरीला कळलं तर तुला वाळीत टाकतील."

पण निळी बाटली उघडली तेव्हा तू जरा थांबला होतास. मग म्हणालास, "हाच दिसतो ना नीट? मग हाच." ते जरासं थांबणं माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. तुला तेव्हाच कळलं होतं का पुढे काय होणार ते? कळलं होतं, तर मला का सांगितलं नाहीस? हा माझा पहिला संशय.

शेवटच्या स्लाइडला माझा अंदाज चुकला. पट्टी कडेपर्यंत पोचली नाही, थोडी जागा कोरी राहिली. मी ब्रश पुन्हा बुडवला, तर तू हात धरलास. "ऱ्हाऊ दे. बोलून झाल्यावर लोक इचारतात की काही. ती जागा त्यांची."

परिषदेत तू फार चांगला बोललास. लोक सुरुवातीला पट्टीकडे बघत होते, नंतर तिला विसरले आणि ऐकायला लागले. वाद तू जिंकला होतास. तेवढं तरी मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

पण पट्टी निम्म्यापुढे गेली तशी पुढच्या ओळीत चुळबुळ सुरू झाली. "बघा कसं, हळूहळू पडदा ताब्यात घ्यायलंय," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "झेंडा हाय त्यो. कडेला पोचला की फडकवतील." हसणं दबलेलं होतं, पण अंधारात हसणं जास्तच ऐकू येतं. ते दिवस तसे होते. विद्यापीठाच्या नावावरून खेड्यापाड्यांत घरं जळाली होती, आणि जळालेली घरं कोणाची होती हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही घाबरल्याचं सोंग पुढच्या ओळीतली माणसं करत होती. तुझं बोलून झालं. कोऱ्या राहिलेल्या जागेसाठी तू उभा राहिलास. ओलीबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी आपल्याला खोलीत बोलावलं. आणखी दोन प्राध्यापक बसले होते. तो रंग बोटांवरून सहजासहजी जात नाही. मी लिंबू लावलं होतं, राख लावली होती. खोलीत शिरताना मी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

"वाघमारे, पहिल्या स्लाइडला नखाएवढी आणि शेवटी पार टोकापाशी. याचा अर्थ काय?"

"किती झालं आन किती राहिलं ते, सर."

"कशाचं किती राहिलं?"

"बोलण्याचं, सर."

"आणि निळाच का?"

"तोच दिसतो, सर."

"दिसतो, हे आम्हालाही दिसलं," मोठे सर म्हणाले आणि ते दोघे हसले. "कोणाचं काम हे?"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. "कल्पना माझी, सर."

ते खरं होतं, आणि त्यांना तेवढंच हवं होतं. मग ते माझ्याकडे वळले. "तुमचा काही संबंध?"

"मी फक्त फोटो काढले, सर."

फोटो मी काढले होते. त्या वाक्यात 'फक्त' एवढाच शब्द खोटा होता. मी म्हणालो असतो की रंग माझ्या बाटलीतला आहे, लाल वाळला म्हणून निळा घेतला, तर त्या खोलीतला सगळा संशय तिथल्या तिथे पडला असता. पाटलाच्या पोराच्या हातातला निळा रंग त्यांना नुसता रंग वाटला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच मी हे स्वतःपासून आजवर लपवू शकलो नाही.

तुझी नेमणूक झाली नाही. संस्थेनं तुला जिंतूरकडच्या शाखेत पाठवलं, हंगामीच. पुढे मोठ्या परिषदेचं बोलावणं आलं. मोठे सर मला म्हणाले, "अभ्यास विभागाचा आहे. पेपर तुम्ही वाचा. ती पट्टी तेवढी काढून टाका."

मी काढली. अर्ध्या ब्लेडनं, तेच भिंग डोळ्याला लावून. रंगाबरोबर खालचा थरही निघाला आणि पडद्यावर प्रत्येक स्लाइडखाली एक ओरखडा दिसायला लागला. सुरुवातीला मी तुझं नाव घेतलं, आभार मानताना घेतात तसं. अर्ध्यावर आलो तेव्हा कोणीतरी अंधारातून वैतागून विचारलं, "अजून किती आहे?"

मी म्हणालो, "आता शेवटची स्लाइड." ती शेवटची नव्हती.

तू जिंतूरहून एकदाही तक्रार केली नाहीस. तुझ्या न बोलण्याचाच मला धसका बसला. तू योग्य वेळेसाठी हे राखून ठेवतोयस, असं वाटायचं. तू तिथं नव्या स्लाइडी केल्यास, स्वतःच्या कापऱ्या हातानं निळ्या पट्ट्या भरल्यास, आणि गावोगाव शेतकऱ्यांना ओलीचं सांगत हिंडायला लागलास. जिथं जाशील तिथं ती निळी पट्टी. आता ती चुकून आलेली नव्हती. माझ्या कानावर यायचं आणि वाटायचं, हे माझ्यासाठी चाललंय.

मग तू बोरीला गेलास. जिंतूर तालुक्यातली इतकी गावं असताना बोरीला. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना पोती लावून, भर दुपारी. मी सणाला घरी गेलो तेव्हा वडील सांगायला लागले.

"तुझा त्यो वाघमारे मास्तर आल्ता. शहाना हाय गडी. खाली निळी रेघ वाढायलीती. भिकाजी म्हनला, रेघ कडंला लागू द्या, मग तंबाखू मळतो. एक बी मानूस उठला न्हाई. तुमच्या कीर्तनकाराला बी असं जमत न्हाई." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "जाताना घरी आला. त्यो म्हनला, ती रेघ पैल्यांदा तुमच्या पोरानं काढली. खरं का रं?"

"मस्करी करतो तो," मी म्हणालो.

वडिलांनी तुला चहा कुठं बसवून दिला आणि कशात दिला, हे मी विचारलं नाही. तू माझं कौतुक करायला माझ्या घरी गेला होतास, की मी काय उत्तर देतो ते तुला बघायचं होतं? मी उत्तर दिलं तेव्हा तू तिथं नव्हतास. पण तुला ते कळलं असणार, असं मला कायम वाटत राहिलं. मी तुला भेटणं कमी केलं. कारण विचारलं असतंस तर म्हणालो असतो, कामं वाढलीत.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या संक्रांतीला आपण परभणीच्या एसटी स्टँडवर भेटलो. तू जिंतूरच्या गाडीची वाट बघत होतास. कपाळावर निळा टिळा होता, आणि तू इतका आनंदात होतास की मला पाहून मिठीच मारलीस. माझा सदराही निळा झाला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "काय मास्तर, पोचली का पट्टी कडेला?"

"पोचली. थोडी ऱ्हायली. आमचं नाव दिलं, पन जुनं बी संगं ठिवलं." तू हसलास. "ऱ्हायली ती जागा इचारनाऱ्याची. तुला काही इचारायचंय का, पाटील?"

सुदाम, प्रश्न जिभेवर होता. माझं नाव तू का घेतलं नाहीस? एवढंच विचारायचं होतं. तू गाडीकडे बघत नव्हतास, माझ्याकडे बघत होतास. मी म्हणालो, "नाही."

"मग तिळगूळ खा," तू म्हणालास आणि माझ्याच हातातल्या पुडीतला उचलून मला भरवलास, शेंगदाणे भरवायचास तसा. गाडी आली.

त्यानंतर आपण लग्नकार्यात भेटलो, निवृत्तीच्या समारंभात भेटलो, दवाखान्यात भेटलो. तब्येतीचं बोललो, पोरांचं बोललो. तुझ्या नजरेत मला दर वेळी तोच स्टँडवरचा प्रश्न दिसायचा, आणि मी दर वेळी ठरवायचो की हा माझा भ्रम आहे.

परवा टाळ्या थांबल्यावर मी उठलो. कोणी बोलावलं नव्हतं. माइकजवळ जाऊन म्हणालो, त्या पहिल्या पट्ट्या मी रंगवल्या होत्या. रंग माझा होता आणि निळा निव्वळ योगायोगानं होता. सुदामची चौकशी झाली तेव्हा मी शेजारी गप्प बसलो होतो आणि नंतर त्याचा पेपरही मीच वाचला.

मग मागून एका पोराचा आवाज आला, "आता निळी पट्टी बी पाटलांचीच का?"

काही जण हसले. प्रशांतनं माझा दंड हलकेच धरला. "सर, इतकी वर्षं झाली. गोंधळ होत असेल तुमचा. बसा तुम्ही." त्याच्या डोळ्यांत आदर होता, पण विश्वास नव्हता. तो विश्वास त्यानं का ठेवावा? माझ्याकडे दाखवायला काय होतं? त्या खोलीत तू म्हणाला होतास, "तोच दिसतो, सर." खरं बोलत होतास आणि कोणी मानलं नाही. ते कसं लागतं, हे मला परवा थोडंसं कळलं. थोडंसंच. माझी नोकरी त्यात जाणार नव्हती.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो. थोड्या वेळानं शांतावहिनी आल्या, शेजारी टेकल्या.

"खरं बोलला तुमी, भाऊजी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्न झालं त्याच सालात सांगितलं हेंनी. म्हनले, केशवची बोटं निळी व्हती, समद्यांसमोर हात खिशात घालून बसला व्हता." वहिनींजवळ तू मला केशव म्हणत होतास, हे मला परवा कळलं. "मी म्हनलं, मग तुमी का न्हाई सांगितलं? नोकरीचा सवाल व्हता. तर म्हनले, हात त्याचे हायेत. मी कसे वडून काढू? त्यानंच काढाय पायजेत."

"चिडला होता का तो माझ्यावर?"

"चिडले बी व्हते. लय चिडले व्हते. पन वाट बघायचे. तुमी घरी यायचा असला की म्हनायचे, आज बोलंल बग. तुमी गेला की म्हनायचे, ऱ्हाऊ दे, पुढच्या टायमाला."

तू वाट बघत होतास, सुदाम. थांबायला लावणाऱ्यानं निदान किती राहिलंय ते सांगावं, एवढीच तुझी जगाकडून अपेक्षा होती. तुला सगळ्यांत जास्त वेळ मी थांबवलं, आणि किती वेळ ते एकदाही सांगितलं नाही.

प्रशांतवर मी रागावू नये. त्याचं म्हणणं फारसं चूक नाही. पहिल्या पट्ट्या माझ्या, आणि त्यांना कसलंही धाडस लागलं नव्हतं. लाल वाळला होता, इतकंच. त्यानंतरच्या तुझ्या. निळ्या रंगाची काय किंमत पडते हे कायम नोकरी गमावून कळल्यावर, लाल-हिरव्या बाटल्या दुकानात मिळत असताना, तू दर वेळी निळीच उघडलीस. टाळ्या त्यासाठी होत्या, आणि त्यात माझा वाटा नाही.

हे मी टेबलाशी बसून लिहितोय. दोन्ही हात कागदावर आहेत. म्हातारपणानं आता माझाही हात कापतो. तू असतास तर म्हणाला असतास, पट्टी भरायला आता दोघं बी निकामी. बोटं उजेडात धरून बघितली. हात बाहेर काढलेत, सुदाम. पण दाखवायला आता डाग राहिलेला नाही.

केशव